तेच लाव

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला तेव्हा मी सोलापुरात प्राथमिक शाळेत होते. थिएटरात बघितल्याचं मला काही आठवत नाही. आई म्हणते, नेलं होतं आणि मध्यंतरानंतर तू झोपलीस. माझा बनवाबनवी सुरू होतो तो त्यानंतर काही वर्षांनी, एका कॅसेटपासून. मामाने नवा व्हीसीआर घेतला आणि जुना आम्हाला दिला. सोबत दूरदर्शनवरून टेप केलेली एक कॅसेटही दिली. तिच्या पट्टीवर बॉलपेनने ‘बनवा’ एवढंच लिहिलेलं होतं, कारण पुढच्या अक्षरांना जागाच उरली नव्हती.

घरात दुसरी कॅसेट नव्हती असं नाही. एक चुलतभावाच्या मुंजीची होती, एक ‘धूमधडाका’ची होती, तीही झिजेपर्यंत पाहिली. पण सुट्टी लागली, पाऊस आला, वीज जाऊन परत आली, कोणी रुसलं, कोणी पास झालं की आमचे वडील, अण्णा, म्हणायचे, ‘तेच लाव.’ ‘ते’ म्हणजे काय हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

त्या कॅसेटची एक खोड होती. डोहाळजेवणाच्या गाण्याच्या ऐन मध्यावर चित्र थरथरायचं, पडद्यावर आडव्या रेघा यायच्या आणि थेट शारजातली मॅच सुरू व्हायची. मामाने कधीतरी रेकॉर्डचं बटण दाबलं होतं आणि मामीने आरडाओरडा केल्यावर सोडलं होतं. तीन-चार मिनिटं गोलंदाजी चालायची, पुन्हा रेघा यायच्या, आणि मग डोहाळजेवण आटोपलेलं असायचं. आम्हा भावंडांना त्यात खटकण्यासारखं काहीच वाटत नसे. दुपारी ओटीवर आम्ही तो सिनेमा खेळायचो, तेव्हा धाकटा भाऊ पोटाशी उशी बांधून लक्ष्मीकांत बेर्डे व्हायचा, आम्ही त्याच्याभोवती फेर धरायचो, आणि बरोबर त्या कडव्याला मोठा भाऊ अंगणातून पळत येऊन चेंडू टाकायचा. पुढे केबल आली आणि अख्खं गाणं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा आम्हा तिघांनाही ते कोणीतरी नंतर घुसडल्यासारखं वाटलं. अजूनही त्या जागी माझा कान समालोचनाची वाट बघतो.

आम्ही तेव्हा वाड्यात भाड्याने राहायचो. दोन खोल्या आणि मोरी. मालक समोरच्या बाजूला राहायचे. त्यांच्याकडे टीव्ही होता, व्हीसीआर नव्हता. त्यामुळे अण्णांनी ‘तेच लाव’ म्हटलं की मालक आणि मालकीणबाई आपापले पाट घेऊन यायचे. आता या सिनेमात काय आहे ते ज्याला माहीत आहे त्याला पुढची गंमत कळेल. धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदारांच्या घरात भाड्याने राहतो. त्याच्याकडे एकेक करत भाऊ आणि मित्र येऊन टेकतात, आणि सरपोतदार सगळ्यांना बाहेर काढतात. मग जागा हवी तर जोडपी हवीत, म्हणून दोघं पुरुष साड्या नेसतात. सारा सिनेमा म्हणजे भाडेकरूंनी मालकांना घातलेल्या टोप्यांची माळ. आणि आमच्या घरात त्यावर सगळ्यात मोठ्याने कोण हसायचं, तर मालक. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसायचे. मालकीणबाई मात्र सरपोतदार चिडले की ‘बरोबर आहे की हो त्यांचं’ असं पुटपुटायच्या.

इस्राइलच्या औषधाचा प्रसंग तर मालकांच्या फर्माइशीवरून मागे घेऊन पुन्हा दाखवावा लागायचा. सरपोतदारांना मधुमेह. त्यावरचं औषध मानेचा एक मित्र परदेशातून पाठवणार, त्यासाठी सत्तर रुपये दिलेले. आता तो मित्रच वारला. आणि पैशांचं काय, तर तेही वारले. इतकाच मामला आहे. कागदावर लिहिला तर एक ओळ होते. मराठी माणसाने गेली पस्तीसहून अधिक वर्षं बुडालेल्या प्रत्येक रकमेचं सुतक याच एका ओळीवर पाळलेलं आहे. अण्णा एसटीत हिशेबनीस होते. कोण्या नातेवाइकाला उसने दिलेले पैसे येत नाहीत अशी खात्री पटली की ते वहीत त्या नावापुढे लाल शाईने फुली मारायचे आणि आईला सांगायचे, ‘वारले गं.’ आई विचारायची, ‘किती?’ कोण, असं कधीच विचारायची नाही.

आम्ही वाडा सोडून स्वतःच्या घरात गेलो त्या दिवशी मालकांनी अण्णांना बोलावलं. डिपॉझिटची रक्कम आजच्या मानाने किरकोळ, पण तेव्हा आमच्या नव्या घराच्या दारं-खिडक्यांना ती लागणार होती. मालक तोंड पाडून बसलेले. म्हणाले, ‘काय सांगू अण्णा, डिपॉझिट वारलं.’ अण्णांचा चेहरा क्षणभर खरोखरच उतरला. मग मालकांनी उशीखालून पाकीट काढलं आणि दोघं इतके हसले की मालकीणबाई पाणी घेऊन धावत आल्या.

लहानपणी आम्ही अर्थातच पार्वती झालेल्या बेर्डेंच्या आणि सचिनच्या साड्यांवर हसायचो. पुरुष साडीत अडखळला की हसायचं, आवाज बारीक काढता काढता घसरला की हसायचं. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर ते हसू हळूहळू विरतं. साडीत पुरुष आहे हे माहीतच असतं. मग नजर दुसरीकडे जायला लागते. बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे जाते. मी कॉलेजात होते तेव्हा एकदा सर्दीतापाने घरी पडून असताना आवाज बंद करून सिनेमा पाहिला, कारण शेजारच्या खोलीत भाऊ बारावीचा अभ्यास करत होता. त्या दिवशी मला सरपोतदार झालेले सुधीर जोशी दिसले. तोवर मी त्यांना फक्त ऐकत होते. औषधाच्या त्या प्रसंगात सरपोतदारांच्या चेहऱ्यावर आधी एका अनोळखी माणसाच्या जाण्याचं रीतीपुरतं दुःख येतं, ते पुरतं बसायच्या आत पैशांची शंका डोकावते, आणि शंका विचारावी तर वाईट दिसेल ही अडचणही त्याच चेहऱ्यावर मावते. माने झालेले अशोक सराफ समोर इतके गंभीर आहेत की त्यांना विचारणं खरंच पाप वाटावं. विनोद सराफांच्या वाक्यात आहे असं आपण म्हणतो. माझं मत असं की तो निम्म्याहून जास्त सुधीर जोशींच्या गिळलेल्या आवंढ्यात आहे. पहिल्या पाहण्यात हे कोणालाही दिसणार नाही, कारण पहिल्यांदा आपण पुढे काय होतं याच्या मागे धावत असतो.

पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ त्यांचंच. दादा कोंडके त्या वगात रोज रात्री नवी बतावणी करायचे, त्या दिवशीच्या बातम्या आत आणायचे, समोरच्या प्रेक्षकालाच कोपरखळी मारायचे. लोकनाट्य पुन्हा बघायला जाणारा माणूस आज काय नवीन ऐकायला मिळतं म्हणून जायचा. सिनेमात ती सोय नाही. धनंजय माने दर वेळी तेच बोलणार, त्याच ठिकाणी थांबणार. नवीन काही आणायचं तर ते बघणाऱ्यानेच आणायचं. आमच्या घराने ते काम निष्ठेने केलं. अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, घरी आल्यावर पहिला सिनेमा अर्थातच तोच लावला. निम्मा झाल्यावर अण्णा दचकून म्हणाले, ‘अरे, ही पार्वती बाई नाही वाटतं!’

आईची करमणूक निराळी होती. तिला गोष्टीत रस नव्हता, नात्यांत होता. सचिन आणि सुप्रिया हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको, लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण यांचं लग्न नंतर झालं, अशोक सराफ आणि निवेदिता जोशी यांचंही नंतर झालं, पण सिनेमात सराफांची जोडी अश्विनी भावेंच्या माधुरी मॅडमबरोबर. त्यामुळे माधुरी मॅडम पडद्यावर आल्या की आई हटकून निवेदिताची बाजू घ्यायची. ‘ती बिचारी तिकडे उभी आहे आणि हा इथे लाजतोय.’ दर वेळी. आणि आम्ही दर वेळी तिला समजवायचो की तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. तिलाही ते माहीत होतं. पण बनवाबनवी बघताना हे एक भांडण व्हायला लागायचं, नाहीतर बघितल्यासारखं वाटायचं नाही.

नोकरीसाठी पुण्यात आले आणि सिनेमा एकदम माहितीपट झाला. जागा शोधायला गेलं की एजंट विचारायचा, ‘मॅडम, फॅमिली का?’ एकट्या मुलीला जागा नको, चार मुलींना तर नकोच, रात्री दहानंतर गेट बंद, पाहुणे नकोत, मांसाहार नको, गच्चीवर जायचं नाही. पुण्यातले मालक असे का, यामागे नुसता स्वभाव नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली होती आणि भाडेकरूला उठवणं महामुश्कील होतं. एकदा आत आलेला माणूस पिढ्यान्पिढ्या जात नाही, या धास्तीने अनेकजण घरं कुलपात ठेवत. १९९९ मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा आला, अकरा महिन्यांचे करार रुळले, पण धास्ती राहिली. म्हणून विवाहित जोडपं हवं, म्हणून चौकशा, म्हणून नियमांची पाटी. हे कळल्यावर सरपोतदार मला खाष्ट वाटेनासे झाले. ते नुसते सावध होते.

शेवटी सिंहगड रस्त्याला तिघींनी मिळून एक जागा घेतली. त्यातली एक गुंटूरची. पहिल्याच रविवारी आम्ही तिला शेजारी बसवून सिनेमा लावला. दर वाक्याला थांबवून हिंदीत अर्थ सांगणार, असा बेत. दहा मिनिटांत ती म्हणाली, ‘हे आमचं आहे.’ तिने पुढची सगळी गोष्ट सांगितली, साड्या, घरमालकीण, खोटं पोट, सगळं. तेलुगूत १९९१ साली ‘चित्रम भळारे विचित्रम’ आला होता आणि तिच्या घरात तो आमच्यासारखाच घासलेला होता. मग रात्री दोनपर्यंत भांडण. ती तिच्या सिनेमातला संवाद तेलुगूत म्हणणार, आम्ही आमचा मराठीत. एकमेकींचं अक्षरही कळत नव्हतं, तरी कुठला प्रसंग चालू आहे ते नेमकं कळत होतं. खालच्या काकूंनी काठीने छत ठोकलं. मूळ कोणाचं यावर मात्र दोन्ही पक्षांची फजिती झाली. आधी हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा ‘बीवी और मकान’ निघाला, आणि त्याच्याही मागे शैलेश डे यांची बंगाली कथा निघाली. म्हणजे धनंजय माने मुळात कलकत्त्यातच कुठेतरी भाड्याची जागा शोधत होता.

पुढे कन्नडमध्ये, पंजाबीत, बंगालीतही ही गोष्ट पुन्हा निघाली. हिंदीत २००९ साली ‘पेइंग गेस्ट्स’ निघाला. तो आम्ही तिघींनी हौसेने पाहिला आणि कोणीही हसलं नाही. त्यांनी गोष्ट पटायाला नेली होती. समुद्र, हॉटेलं, झकपक कपडे. तिथे ज्याला जागा मिळत नाही त्याच्याबद्दल आपल्याला काय वाटणार? बनवाबनवीतल्या चौघांना रात्री डोकं टेकायला खरोखर जागा नाही. साडी नेसली नाही तर रस्त्यावर. पोटात ही भीती आहे म्हणून वरचा धिंगाणा पुन्हा पुन्हा बघवतो. नुसत्या कोट्या असत्या तर दुसऱ्या खेपेलाच शिळ्या झाल्या असत्या.

२००४ च्या मार्चमध्ये शंतनू झालेले सिद्धार्थ रे गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले, आणि पुढच्या डिसेंबरात सुधीर जोशी. बेर्डे गेले त्या रात्री मी अण्णांना सोलापूरला फोन केला. मागे टीव्हीचा आवाज येत होता. कुठला प्रसंग चालू आहे ते मला आवाजावरून कळलं आणि त्यांनाही कळलं की मला कळलंय. थोडा वेळ आम्ही दोघांनी फोनवरच सिनेमा ऐकला. मग पार्वतीचं काहीतरी वाक्य आलं आणि अण्णा फिस्सकन हसले. मला आधी ते विचित्र वाटलं, मग मीही हसले. त्या माणसाने एवढं टायमिंग साधून ठेवलं होतं की रडतानाही चुकवता येत नव्हतं.

आता आमचा स्वतःचा फ्लॅट आहे आणि नवऱ्याच्या वडिलांचा एक जुना वन बीएचके आम्ही भाड्याने देतो. गेल्या वर्षी तो रिकामा झाला. एजंट तीन पोरांना घेऊन आला, मागे चौथा जिन्यात उभा. मी विचारलं, ‘किती जण राहणार?’ एजंट म्हणाला, ‘तिघंच, काकू.’ ‘आणि हा?’ ‘तो भाऊ आहे, दोन दिवसांसाठी आलाय.’ चौथ्याच्या पाठीवर बॅग, हातात गुंडाळलेली गादी. मला हसू आवरेना. मी म्हटलं, ‘तुमच्यातला धनंजय माने कोण?’ चष्मेवाल्या पोराने एका क्षणाचाही विलंब न लावता हात वर केला. नवरा आतून ओरडला, ‘डिपॉझिट नीट घे, सत्तर रुपये नको!’ मुलं चौघंच राहतात. भाडं वेळेवर येतं. लग्न झालंय का, हे मी विचारलं नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला सिनेमा माहीत नव्हता, पण सिनेमातले चेहरे माहीत होते. तिच्या वर्गाच्या ग्रुपवर अशोक सराफांचे फोटो वाक्यांसकट फिरत असतात. परीक्षा पुढे गेली, गृहपाठ हरवला, कोणी उधार घेतलेली पेन्सिल दिली नाही, सगळ्याला एकेक चित्र आहे. लिंबू कलरची साडी हा शब्दही तिला ठाऊक होता, साडी कुणाची ते ठाऊक नव्हतं. घरी जेवण घेऊन येणाऱ्या पोराने दारात सिनेमातल्यासारखंच ‘इथेच राहतात का?’ असं विचारलं की आम्ही सगळे का फिदीफिदी हसतो, तेही तिला कळत नसे. मग एका सुट्टीत तिला बसवून अख्खा दाखवला. ती आमच्या जागांवर फार हसली नाही. ओळखीचं चित्र आलं की ‘हे ते!’ असं ओरडायची. पण मध्येच तिने एक प्रश्न टाकला. ‘त्या मुली एवढ्या लवकर माफ कशा करतात? मला कोणी एवढे दिवस फसवलं असतं तर मी बोललेच नसते.’ तीस वर्षं बघून मला हे कधी सुचलं नव्हतं. तिचं म्हणणं रास्त आहे. सिनेमाला त्या मुलींच्या रागात रस नाही. पेच सुटायला हवेत, वेळ होत आलेली असते, म्हणून सगळ्या पटापट हसून घेतात. शेवटची मारामारीही मला कधी आवडली नाही. आमच्याकडे ती सुरू झाली की चहा टाकतात आणि संपेपर्यंत उकळतात.

तिसऱ्या खेपेपासून मात्र मुलगी सरपोतदारांवर हसायला लागली. तिचं काही चुकत नाहीये.

ज्यांनी हा सिनेमा अजून पाहिलेला नाही असं कोणी तुमच्या घरी आलं, सून, जावई, परप्रांतातला मित्र, तर एक विनंती आहे. त्यांच्या शेजारी बसू नका, मागे बसा. पुढचं वाक्य आधी म्हणू नका, ‘आता बघ हं’ असं तर अजिबात म्हणू नका, आणि ते कुठे हसत नाहीत याचा हिशेब ठेवू नका. पहिल्यांदा त्यांना गोष्टीच्या मागे धावू द्या. दुसऱ्यांदा लावायला ते आपणहून सांगतील.